माळ्यावरची बंदूक : आधी शिक्के वाचा, मग पैसे मोजा

मामा गेले तेव्हा त्यांच्या रत्नागिरीकडच्या घरात भिंतीवर एक दुनळी बंदूक होती. 'खास विलायती, आजोबांनी मुंबईहून आणलेली', असे आम्ही भाचरे लहानपणापासून ऐकत आलो होतो. परवाना मामांच्या नावावर होता, म्हणून तेरावे झाल्यावर ती एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. मग वारसांमध्ये चर्चा सुरू झाली ती किमतीची. दुसऱ्या एका विक्रेत्याने बंदूक न बघताच, नळीवरचे नाव फोनवर ऐकून, दोन लाखांचा आकडा सांगितला आणि 'मूल्यांकन प्रमाणपत्रा'चे पाच हजार रुपये आधी मागितले.

पैसे पाठवण्याआधी आम्ही जमा केलेल्या दुकानात जाऊन नळ्या उतरवून पाहिल्या. तळाशी एक अंडाकृती चौकट, तिच्यात ई, एल, जी ही रोमन अक्षरे, खाली तारा आणि चौकटीच्या डोक्यावर मुकुट. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा हा शिक्का आणि त्यावरचा मुकुट १८९३ पासूनचा. वरचे नाव इंग्रजी वळणाचे होते, माल बेल्जियमचा होता. पाच हजार वाचले, दोन लाखांचे स्वप्नही तिथेच संपले. या तपासणीला खर्च आला साडेतीनशे रुपयांच्या भिंगाचा.

महाराष्ट्रात अशी घरे पुष्कळ आहेत. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, देशावर वाड्यात आजोबांची बारा बोअर, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या कपाटात वेब्ली रिव्हॉल्व्हर. माणूस गेला की शस्त्र मागे राहते आणि त्याच्याबद्दल घरात नेमके कोणाला काहीच ठाऊक नसते. मग लोक आधी पैसे खर्च करतात आणि शिक्के शेवटी वाचतात, किंवा वाचतच नाहीत. क्रम उलटा हवा.

हात लावण्यापूर्वी

बंदूक भरलेली आहे असेच धरून चाला. ठासणीच्या बंदुकीबाबत तर हे फारच खरे आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वी भरून ठेवलेली दारू आजही पेटू शकते. पाहायची रीत सोपी आहे. नळीच्या तोंडासमोर उभे राहू नये. लाकडी गज नळीत हलक्या हाताने सरकवावा, तोंडाशी खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरावा. खूण आणि टोपी बसवायची जागा यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचे अंतर उरले, तर आत बार आहे. अशा वेळी खरवडून काढण्याचा प्रयत्न करू नका, जाणकार कारागिराला बोलवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. परवाना नसलेली बंदूक सापडली तर ती पिशवीत घालून 'दाखवायला' दुकानात नेऊ नये. ती जवळ असणे हा एक प्रश्न आणि ती वाहून नेणे हा दुसरा. जिथे आहे तिथेच फोटो काढा, वकिलाचा सल्ला घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा. शस्त्र कायदा १९५९ चे कलम २१ सांगते, की जवळ ठेवण्याचा हक्क संपला की विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. 'आजोबांची होती, आम्हाला माहीत नव्हते' हे सांगायला लागण्याआधीच अर्ज गेलेला बरा.

तिसरी गोष्ट गृहिणींनाही सांगायला हवी, कारण दिवाळीच्या साफसफाईत हा घोटाळा होतो. गंज काढायला पॉलिशपेपर, चिंच, तारेची घासणी यांपैकी काहीही बंदुकीला लावू नका. त्याने शिक्के जातात आणि शिक्क्यांबरोबर बंदुकीची ओळखही जाते. कलम ८ प्रमाणे निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे हा गुन्हा आहे, आणि खोडलेल्या क्रमांकाची बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. मऊ सुती कापड आणि पातळ तेलाचे दोन थेंब, एवढीच साफसफाई करायची.

शिक्का म्हणजे काय आणि तो कुठे असतो

बंदुकीवर साधारण चार जातींची अक्षरे असतात. निर्मात्याचे किंवा दुकानदाराचे नाव, अनुक्रमांक, सरकारी मालकीची खूण आणि चाचणीचा शिक्का. लोक नाव वाचून थांबतात, पण सगळ्यात कमी विश्वास ठेवावा तो नावावरच. नाव कोणीही कोरू शकतो. चाचणीचा शिक्का मात्र तटस्थ संस्थेने, नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहिल्यानंतर मारलेला असतो. नळी फुटली नाही तरच शिक्का मिळतो.

दुनळी बंदुकीत हे शिक्के नळ्यांच्या तळाला, मागच्या सपाट भागावर असतात. पुढचे लाकूड काढून नळ्या उतरवल्याशिवाय ते दिसतच नाहीत. रिव्हॉल्व्हरवर ते चक्राच्या खाचांमध्ये, चौकटीवर आणि नळीवर असतात. ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीत दस्त्याच्या मानेभोवतीच्या लोखंडी कड्यावर उजवीकडे मुकुट, कारखाना आणि साल मिळते. ठासणीच्या बंदुकीत चापाच्या पट्टीवर आणि नळीच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला पाहावे.

अक्षरे झिजली असतील तर खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची पुसा, खाचेतली राहते. विजेरी समोरून न मारता बाजूने, अगदी आडवी धरा. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर छाप उठतो, आणि तो छाप फोटोपेक्षा स्पष्ट असतो. यावर होणारा खर्च म्हणजे दहा पट मोठे दाखवणारे भिंग, साधारण तीनशे ते सहाशे रुपये. बाकी सारे घरातच असते.

इंग्रजी शिक्क्यांवरून साल

आपल्याकडच्या जुन्या शिकारी बंदुकांत बर्मिंगहॅमचा माल फार, त्यामुळे तिथले शिक्के जरा नीट पाहू.

बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. तेव्हापासून १९०४ पर्यंत त्याची खूण होती मुकुटाखाली एकमेकांना छेद देणारे दोन राजदंड. राजदंडांच्या फटीत बी, सी, पी ही अक्षरे असली तर ती अंतिम चाचणी, नुसते व्ही असले तर ती तपासणी. १९०४ पासून राजदंड गेले आणि मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी अशी जोडअक्षरे आली. एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, बिनधुराच्या दारूची चाचणी. १९५४ पासून मुकुटाखाली बीएनपी. एवढ्या तीन पायऱ्या पाठ केल्या तरी आजोबांची बंदूक कोणत्या पिढीतली, हे दहा मिनिटांत कळते.

लंडनचे शिक्के बंदूककारांच्या संघाचे. त्यांची सनद १६३७ ची. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरे, आणि मुकुटाखाली व्ही. १९०४ नंतरच्या लंडनच्या नायट्रो शिक्क्यात एनपी अक्षरांवर चिलखती हात आणि त्यात वाकडी तलवार दिसते. लंडनचा शिक्का दिसला म्हणून बंदूक लंडनची, असे मात्र नसते. बर्मिंगहॅमचे कितीतरी कारागीर आपला माल लंडनला तपासून घेत.

साल आणखी आवळायचे असेल तर बारीक खुणा उपयोगी पडतात. 'नॉट फॉर बॉल' हे शब्द असतील तर बंदूक १८७५ ते १८८७ च्या दरम्यान तपासलेली, कारण तोंडाशी आवळलेल्या नळीतून एकसंध गोळी मारू नये, ही सूचना त्या काळच्या नियमांत होती. चौकोनी हिऱ्याच्या आकारात १२ आणि सी ही अक्षरे असली तर १८८७ नंतरची. 'नायट्रो प्रूफ' असे पूर्ण शब्द असले तर १८९६ ते १९०४. अडीच इंचाची काडतूस-घराची लांबी ठोकलेली असेल तर १९२५ नंतरची. चौरस इंचाला इतके टन असा दाब लिहिलेला असेल तर १९५४ नंतरची. शिवाय बर्मिंगहॅमने १९२१ पासून वर्षाचे अक्षर मारायला सुरुवात केली, युद्धानंतर १९५० पासून ती पुन्हा अ-कारापासून चालू झाली. लिएजचेही १९२२ पासून वर्षाचे अक्षर आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. नळीवर १३ आकडा दिसला की लोक म्हणतात, 'ही तेरा बोअर, हिची काडतुसे मिळणार नाहीत.' तो आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा असतो. हिऱ्यात १२ असेल तर ती बारा बोअरच.

जिवावर बेतू शकणारा मुद्दाही याच शिक्क्यांत दडलेला आहे. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून नळी घडवलेली असेल, आणि नायट्रोचा शिक्का कुठेच नसेल, तर ती काळ्या दारूची बंदूक आहे. आजचे काडतूस तिच्यात घालू नये. तसेच अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस आत बसते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. डाव्या हाताची बोटे गमावण्यापेक्षा भिंग स्वस्त आहे.

दुकानदाराचे नावही साल सांगते, फक्त त्याला निर्माता समजू नये. मुंबईत काळा घोडा भागात ज्यांची इमारत आजही त्या नावाने ओळखली जाते, त्या आर्मी अँड नेव्ही कंपनीचे नाव आपल्याकडच्या अनेक बंदुकांवर आहे. नावापुढे 'सीएसएल', म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड, असेल तर माल १९३४ च्या आधीचा.

कंपनी सरकार, ईशापूर आणि खडकी

ठासणीच्या जुन्या बंदुकांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन खुणा मिळतात. चार भाग केलेले बदाम, त्यात कंपनीची आद्याक्षरे, ही जुनी. साधारण १८०८ पासून त्याजागी मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजात मुकुट धरलेला सिंह आला. मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द ब्रिटिश सरकारी मालाचा. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालकी, तिच्याशेजारी आय असेल तर हिंदुस्थान सरकारची. या विषयात खोल जायचे असेल तर डेव्हिड हार्डिंग यांचा कंपनीच्या शस्त्रांवरचा चार खंडी ग्रंथ आहे. तो महाग आहे आणि एका बंदुकीसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याचा माल ओळखायला सोपा, कारण नाव आणि साल सरळ ठोकलेले असते. स्वातंत्र्यानंतर राजमुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. पण .३०३ हे बोअर नागरिकांना निषिद्ध आहे. तसली रायफल घरात निघाली तर साल शोधत बसू नका, लगेच पोलिसांना कळवा. याच ईशापूरची .३१५ शिकारी रायफल मात्र नागरी परवान्यावर मिळते. बंदुकीबरोबर पितळी काडतुसे सापडली आणि बुडावर केएफ अक्षरे आणि दोन आकडे असले, तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीची, आणि आकडे सालाचे. काडतुसांनाही परवाना लागतो, हे विसरू नये.

खोटे शिक्के

नकली मालाची सर्वांत सोपी कसोटी राजाच्या नावाची आहे. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये गेली. मुकुटाखाली व्ही-आर आणि पुढे साल १९१४, असे दिसले तर शिक्का खोटा. खैबर खिंडीच्या भागातल्या गावठी कारागिरांनी अशा शेकडो रायफली घडवल्या, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नसल्याने कधी एन उलटा पडला, कधी स्पेलिंग चुकले. बेल्जियमच्या कारखानदारांची तऱ्हा वेगळी होती. प्रसिद्ध इंग्रजी नावाच्या जवळ जाणारे नाव कोरायचे. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची नामांकित पेढी, आणि 'डब्ल्यू. रिचर्ड्स' नावाने लिएजचा स्वस्त माल जगभर विकला गेला. जुन्या बाजारात सिंहाचा शिक्का आणि ठळक साल असलेल्या शोभेच्या बंदुकाही मिळतात. त्यांचा शिक्का नवा आणि धारदार असतो, भोवतीचे लोखंड मात्र खड्ड्याखड्ड्यांचे. काळाने दोन्ही सारखेच झिजवायला हवे होते.

खर्चाचा हिशेब

शिक्के वाचून देश आणि काळ कळला की पुढचा खर्च करायचा की नाही, हे ठरवता येते. माझे मत स्पष्ट आहे. लिएजच्या किंवा बर्मिंगहॅमच्या साध्या बंदुकीवर संशोधनाचा एक पैसाही घालू नये. लंडनच्या नामांकित पेढीची बंदूक असेल, उदाहरणार्थ पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड, तर अनुक्रमांकावरून त्या पेढ्या आपल्या वह्यांतून माहिती काढून देतात. त्याचे शुल्क पौंडांत असते, ते आधी विचारून घ्यावे. अमेरिकी कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर असेल तर कारखान्याच्या नोंदीचे पत्र शंभर डॉलरच्या घरात, मॉडेलनुसार कमी-जास्त, म्हणजे रुपयांत आठ-नऊ हजारांच्या आसपास पडते. एवढा खर्च फक्त विकायचेच ठरले असेल तर करावा.

घरातली कागदपत्रे हरवली असतील तर माहिती अधिकारात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाकडे जुन्या परवान्याची नोंद मागता येते. अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. बंदुकीची सर्वांत स्वस्त आणि कायद्यात टिकणारी ओळख हीच आहे, आणि नेमकी तीच कोणी मागत नाही.

वारसाने बंदूक आपल्या नावावर घ्यायची तर २०१६ च्या शस्त्र नियमांतला २५ वा नियम पाहावा. धारक वारला, सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, तर पात्र वारसाला परवाना मिळू शकतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक कागदांना शंभरऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू झाला, म्हणून कोणता कागद कशावर हवा आहे, हे कार्यालयात आधी विचारा, उगाच चार मुद्रांक घेऊ नका. त्यात नोटरी, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला धरा. सरकारी शुल्क या सगळ्यात लहान असते, हेलपाट्यांच्या एसटीचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च मोठा असतो. एका माणसाला आता दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाची धरून. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्या भावाच्या नावाने अर्ज करून उपयोग नाही.

सगळ्यात फसवा खर्च दुकानातल्या जमा-भाड्याचा. महिन्याला दोनशे रुपये धरले तरी दहा वर्षांत चोवीस हजार होतात, आणि लिएजच्या साध्या दुनळीला तेवढी किंमत येईलच असे नाही. विकायची तरी गिऱ्हाईक परवानाधारकच लागते, त्यामुळे बाजार अरुंद. जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे चढा भाव येतो, कारण १९८० च्या दशकापासून नागरिकांसाठीची आयात बंद आहे. दुनळी बंदुकीला तो भाव नाही.

फार जुन्या शस्त्राबद्दल दोन शब्द. 'शंभर वर्षांची झाली की परवाना नको' हे चुकीचे आहे. कलम ४५ मधली सूट कालबाह्य, प्राचीन वा नादुरुस्त शस्त्राला आहे, आणि तिथे दुरुस्त करूनही ते उडवता येऊ नये, अशी अट जोडलेली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने 'क्युरिओ' वर्गातली लहान शस्त्रे जवळ ठेवायला परवान्यातून सूट दिली, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आपली बंदूक त्यात बसते का, हे आपण ठरवायचे नाही, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचे. आणि अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलांना आजोबांची आठवण म्हणून ती न्यायची असेल, तर शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही.

आमच्या मामांची बंदूक धाकट्या भावाच्या नावावर झाली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. अशा वेळी एका रांगेत वीस बंदुका उभ्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. तुमच्या घरीही बंदूक असेल, तर ती पुढच्या वेळी जमा करण्याआधी नळ्या उतरवून प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा, पेन्सिलीचा छाप परवान्याच्या झेरॉक्सबरोबर ठेवा, आणि पावतीवर अनुक्रमांक अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून किंवा दुकानातून बाहेर पडू नका.